लाल मणी सात हवेत, उरलेत पाच: अण्वस्त्र अभ्यासवर्गासाठी मदतीचे आवाहन

आमचे अभ्यास मंडळ आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी अण्वस्त्रे आणि अण्वस्त्र प्रसारबंदी या विषयाचा वर्ग चालवते. येत्या 6 ऑगस्टला, हिरोशिमा दिनी, नवी तुकडी बसेल. मुले आहेत, शिकवणारेही आहेत. साहित्य आणि पैसा मात्र तोकडा पडतोय, म्हणून आपल्यापुढे झोळी पसरतो आहोत.

"मुलांना बॉम्ब कशाला शिकवता?" हे दरवर्षी कोणीतरी विचारतेच. आम्ही हिशोब शिकवतो. पहिल्या तासाला टेबलावर हजार मणी ओततो, 993 पांढरे आणि 7 लाल. खाणीतून निघालेल्या युरेनियममध्ये युरेनियम-235, म्हणजे भट्टीला आणि बॉम्बला लागणारा त्याचा प्रकार, साधारण इतकाच असतो, 0.7 टक्के. लाल मण्यांना हात लावायचा नाही, पांढरे वेचून बाजूला टाकायचे. शंभरात चार लाल हे प्रमाण येईपर्यंत 825 पांढरे उचलावे लागतात. मुले कंटाळतात, मान अवघडते. इथवर आलेला माल वीजनिर्मितीच्या अणुभट्टीला इंधन म्हणून चालतो. मग सांगतो, आता नव्वद टक्क्यांच्या आसपास न्या, म्हणजे शस्त्राच्या पातळीला. आणखी 167 मणी काढले की आठात सात लाल! काम चुटकीसरशी होते. मागच्या तुकडीतली एक मुलगी म्हणाली, "म्हणजे अवघड भाग आधीच उरकलेला असतो की!" खरी यंत्रे मणी वेचत नाहीत, हे तिला सांगितले, पण मेहनतीचा मोठा वाटा पहिल्याच टप्प्यात संपतो, हे तिचे बरोबर होते.

एवढे कळले की व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक इंधनाला सील का ठोकतात, कॅमेरे का बसवतात, हे वेगळे समजवावे लागत नाही. बॉम्बला चालणारे दुसरे द्रव्य प्लुटोनियम, ते अणुभट्टीत तयार होते; निरीक्षकांच्या हिशोबात त्याचे 8 किलो गायब होणे ही गंभीर बाब आहे. नागासाकीवर पडलेल्या बॉम्बमध्ये ते सुमारे 6 किलो होते.

पुढचे तास करारांचे. 1968 साली सह्यांसाठी खुला झालेला आणि 1970 पासून लागू असलेला अण्वस्त्र प्रसारबंदी करार मुले कलमवार वाचतात आणि देश वाटून घेऊन भांडतात. पाचच देशांना अण्वस्त्रधारी मानायचे, ही वाटणी बहुतेकांना पटत नाही. भारताने सही का केली नाही, यावर तर तास अपुरा पडतो. दक्षिण आफ्रिका वाट्याला आली की आधी तोंड वाकडे होते. त्या देशाने स्वतः बनवलेली सहा अण्वस्त्रे मोडीत काढली आणि 1991 मध्ये करारात प्रवेश केला, हे कळल्यावर मात्र त्याच देशासाठी चढाओढ लागते.

मुलांना सगळ्यात भावते ती दातांची गोष्ट. 1958 पासून अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात पडलेले दुधाचे दात गोळा करण्याची मोहीम चालली. अणुचाचण्यांच्या धुळीतले किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-90 कॅल्शियमसारखे वागते; गवतातून दुधात आणि दुधातून हाडा-दातांत उतरते. दात पाठवणाऱ्या मुलाला "मी माझा दात विज्ञानाला दिला" असा बिल्ला मिळे. तीनएक लाख दात जमले. वातावरणातल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार 1963 मध्ये झाला, त्यामागच्या जनमतात या दातांचाही वाटा होता.

आता मागणे. सगळ्यात मोठी निकड भाषांतराची आहे. कराराची कलमे, निरीक्षकांचे अहवाल, हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या साक्षी, सगळे इंग्रजीत. 'सेफगार्ड्स'ला, म्हणजे निरीक्षकांच्या त्या सील-कॅमेऱ्यांच्या तपासणी व्यवस्थेला, काय म्हणावे इथपासून वाद आहेत. इंग्रजी किंवा जपानी जाणणाऱ्यांनी महिन्याला चार पाने मराठीत आणून दिली तरी आमचे अर्धे ओझे उतरेल. किरणोत्सार मोजणारे चालू स्थितीतले गायगर यंत्र हवे आहे. आमचे जुने कधी टिकटिकते, कधी रुसते. पडद्यावर नकाशे दाखवायला प्रोजेक्टर हवा. छपाई आणि वक्त्यांच्या प्रवासखर्चासाठी रोख देणगीही चालेल. पावती मिळेल आणि वर्षअखेरीचा जमाखर्च प्रत्येक देणगीदाराला पाठवू.

एक अट मात्र आमचीही आहे. गेल्या वर्षी एका गृहस्थांनी मोठी रक्कम देऊ केली होती, पण 'आपला बॉम्ब चांगला, त्यांचा वाईट' एवढेच शिकवा म्हणाले. दुसऱ्या एकांना मुलांकडून फक्त घोषणांचे फलक हवे होते. दोघांचेही आभार मानून रक्कम परत केली. मुलांनी शेवटी कोणत्या मताला यायचे, ते त्यांचे ती ठरवतील.

मदतीसाठी मंडळाच्या कार्यवाहांना जुलैअखेरपर्यंत भेटावे. आणि हो, मागच्या तुकडीत दोन लाल मणी हरवले. वर्गभर शोधले, सतरंजी झटकली, मिळाले नाहीत. "निरीक्षकांना काय सांगणार?" असे मुलांनी आम्हालाच सुनावले. कोणाकडे तुटलेल्या माळेतले दोन लाल मणी पडून असतील तर तेही द्या. पांढरे भरपूर आहेत.