तुझ्या यादीत दाढ नाही

सातारा, ५ ऑक्टोबर

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

नर्मदा परिक्रमेला न्यायच्या सामानाची तुझी यादी मिळाली. दंड, कमंडलू, पातळ रग, दोन सदरे, टॉर्च, पायाला लावायचं मलम, वहिनींनी दिलेले मेथीचे लाडू... अठ्ठावीस जिन्नस भरले. (मोजले मी. मास्तरकी सुटत नाही.) त्यात तुझी ती डाव्या दाढेवरची कॅप कुठेच नाही. मे महिन्यात लग्नाच्या पंगतीत तू जिभेने ती हलवून दाखवत होतास, "बघ, हलते पण पडत नाही." तेव्हा मीही हसलो होतो. आता हसायची सोय राहिली नाही. का ते सांगतो. पत्र लांबणार आहे, चहा घेऊनच बस.

लडाखहून आल्यावर फोनवर मी "दाढेने जरा त्रास दिला" एवढ्यावर भागवलं, कारण शेजारी ही बसली होती. चूक माझीच होती हे तिच्यासमोर पुन्हा कशाला कबूल करा!

झालं असं. माझ्या उजव्या बाजूच्या खालच्या दाढेत वीस वर्षांपूर्वी चांदी भरलेली. जुलैत दात साफ करायला गेलो तेव्हा आमचे डॉक्टर म्हणाले, "सर, चांदीच्या कडेने कीड आत गेलीय. प्रवासाआधी उघडून बघू, कॅप घालू." मी म्हटलं, आल्यावर बघू. दुखत नव्हती ना! न दुखणाऱ्या दाढेवर पैसे घालवायचं आपल्या पिढीच्या जिवावरच येतं.

पहिली सूचना खारदुंगलाला मिळाली होती. साडेसतरा हजार फुटांच्या वरची खिंड. हवेचा दाब आपल्याकडच्या निम्म्याच्या जवळपास. गाडीत पुढे ठेवलेलं वेफर्सचं पाकीट फुगून उशीसारखं झालं होतं. मी ते सगळ्यांना दाखवून बॉइलचा नियम (बाहेरचा दाब घटला की कोंडलेली हवा फुगते) समजावत होतो आणि त्याच वेळी दाढेत एक बारीक कळ उठली. थंडीमुळे असेल म्हणून मफलर ओढला. पाकिटात जे चाललं होतं तेच चांदीखालच्या पोकळीत चाललं असणार हे एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांना उंचीवर गेल्यावर अशीच दातदुखी व्हायची, तिला वेगळं नावसुद्धा होतं. खाली उतरलो, कळ थांबली, मी विसरलो.

दुसऱ्या दिवशी तुर्तुकला गेलो. श्योक नदीकाठचं बाल्टी लोकांचं गाव. १९७१च्या युद्धात भारताकडे आलं आणि २०१०मध्ये पर्यटकांसाठी उघडलं. सगळं गाव जर्दाळूच्या झाडांत बुडालेलं. एका आजींच्या दारात वाळवलेले जर्दाळू मांडले होते, बियांसकट. गर खाल्ला आणि बी हातात राहिली. तुला आठवतंय ना, वाईला तुमच्या वाड्यात आपण या बिया कशा फोडायचो? मोठ्या दाराच्या बिजागरीत बी ठेवायची आणि दार हळूच लोटायचं. तुझं नख काळं पडलं होतं आणि तुझ्या आईने मार मात्र दोघांना दिला होता. तर तुर्तुकमध्ये तशी बिजागरी दिसली नाही. दगड पायाशीच पडलेले होते, पण वाकायचा कंटाळा. मी बी दाढेखाली धरली.

आवाज झाला. बी अख्खी होती. तोंडात खड्यासारखं काहीतरी आलं म्हणून तळहातावर काढलं, तर चांदीचा काळपट गोळा आणि दाढेची एक आख्खी भिंत. जीभ लगेच तिथे गेली, भसकन खड्ड्यात शिरली आणि कडेला कापली. आजी माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी काही न बोलता एक दगड उचलला, बी दुसऱ्या दगडावर ठेवली, टक्कन फोडली आणि गर माझ्या हातावर ठेवला. बाळ्या, इतकं मुकाट्याने मला आजवर कोणी नापास केलं नव्हतं.

दिवसा बरं होतं. रात्री आडवा झालो आणि ठणका सुरू झाला. आडवं पडलं की रक्ताचा जोर डोक्याकडे येतो आणि दाढेच्या आत सुजलेल्या नसेला फुगायला जागाच नसते, म्हणून उशांना टेकून बसून राहिलो. थंड पाण्याचा घोट तोंडात धरला की कळ थांबायची. पाणी कोमट झालं की परत चालू. रात्रभर बाटली घेऊन हाच उद्योग. त्यात उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्सची गोळी चालू, तिने लघवी जास्त होते. बाहेरचा संडास अंगणापलीकडे. किती खेपा झाल्या त्या मोजल्या नाहीत.

आमच्या बारा जणांच्या ग्रुपमध्ये सकाळपर्यंत बारा वैद्य तयार झाले. एक म्हणाले मशेरी दाबा, एक म्हणाले मिठाच्या पुरचुंडीने गाल शेका. एका काकांचा आग्रह की अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर धरून ठेवा. ते मी टाळलं. त्याने हिरडी भाजते हे वाचलेलं होतं. पण डोंबिवलीच्या एका काकूंनी लवंगेच्या तेलाची बाटली दिली तेव्हा माझं शहाणपण संपलं. एक थेंब कापसावर घेऊन खड्ड्यात ठेवायचा असतो. मी बाटलीच तोंडात उपडी करण्याच्या बेतात होतो, निदान चमचाभर तरी गेलं. दाढ तासभर गप्प झाली आणि हिरडी पुढचे चार दिवस पांढरी पडून सोलत राहिली.

दिस्कीतला आल्यावर रेंज मिळाली. माझं कार्ड प्रीपेड, बाहेरचं प्रीपेड तिकडे चालतच नाही. हिचं पोस्टपेड म्हणून वाचलो. आमच्या डॉक्टरांना फोन लावला. मी दुखण्याचं वर्णन करायला लागलो तर त्यांनी मला थांबवलं आणि भराभर प्रश्न विचारले. गाल किंवा जबड्याखाली सूज आहे का? ताप? तोंड नीट उघडतं का, दोन बोटं उभी मावतात? गिळताना, श्वास घेताना अडतंय? सगळ्याला नाही म्हटल्यावर त्यांचा आवाज सैल झाला. म्हणाले, "यातलं एक जरी सुरू झालं तर दाताचा डॉक्टर शोधत बसू नका, सरळ मोठं हॉस्पिटल गाठा. रात्र असली तरी. दाढेचा पू गळ्याकडे उतरला तर श्वासनलिका दाबली जाते." मग विचारलं, थंडाने दुखतं की थांबतं? थांबतं म्हटल्यावर म्हणाले, "नस संपत चाललीय. आता कुठे फिरू नका, लेहला या आणि उघडून घ्या." मी विचारलं, अँटिबायोटिक सुरू करू का? ते जवळजवळ ओरडलेच. सूज-ताप नसताना त्याने कळ थांबत नाही, नुसतं पोट बिघडतं. जेवल्यावर आयबुप्रोफेन ४०० आणि सोबत पॅरासिटामॉल ५०० घ्या म्हणाले, आणि त्या जोडगोळीने खरंच पाच-सहा तास माणसात आलो.

ओठाला मुंग्या येतायत हे मी घाबरत शेवटी सांगितलं. नस ओठापर्यंत मेली की काय असं वाटत होतं. त्यांनी विचारलं, बोटांनाही येतात का? येत होत्या. "मग ती डायमॉक्स आहे, सर."

ग्रुप पुढे पँगाँगला गेला. आम्ही दोघं शेअर टॅक्सीने लेहला परतलो. हिला त्या तळ्याचं किती होतं ते तुला माहीत आहे. खारदुंगला पुन्हा ओलांडताना मी जीव मुठीत धरून बसलो होतो, पण या वेळी दाढ काहीच बोलली नाही. पोकळी उघडी पडली होती, हवा कोंडायला जागाच नव्हती. हिला हा नियम मी समजावून सांगायला गेलो. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

लेहला दाताची डॉक्टर म्हणजे आपल्या धाकटीच्या वयाची मुलगी. एक्स-रे काढला, बधिर करायचं इंजेक्शन दिलं, ठोकून बघितलं. मी उडालो. म्हणाली, पेटलेली नस लवकर बधिर होत नाही, आणि अजून दोन दिली. मग दाढ उघडली. एक थेंब रक्त आलं, आणि बाळ्या, छत्तीस तासांचा ठणका शाळेची घंटा थांबावी तसा थांबला. मला रडू आलं. तिने नस काढली, औषध घातलं, वरून तात्पुरतं सिमेंट भरलं आणि म्हणाली, या बाजूने चावू नका, बाकीचं रूट कॅनाल आणि कॅप घरी जाऊन. मी तिला विमानाचं विचारलं, वर गेल्यावर परत दुखेल का? ती हसली. विमानाच्या आतला दाब सहा ते आठ हजार फुटांवर असावा तेवढा राखलेला असतो आणि लेह साडेअकरा हजारांवर आहे. म्हणजे विमान उडालं की तुम्ही एका अर्थी खालीच उतराल. हे मला सुचायला हवं होतं.

तिच्याकडे माझ्या आधी एक मोटारसायकलवाला पोरगा बसला होता. वाटेत पडला, पुढचा दात मुळासकट बाहेर. त्याने तो दात रुमालाने घासून पुसला आणि कोरडाच पुडीत बांधून आणला, चार तासांनी. ती हळहळत होती. असा दात वरच्या पांढऱ्या भागाला धरायचा, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा तर नाहीच. माती असली तर दुधात नाहीतर सलाइनमध्ये नुसता विसळायचा आणि जमलं तर लगेच जागेवर बसवून रुमाल चावून धरायचा. नाही धाडस झालं तर थंड दुधात बुडवून तासाच्या आत डॉक्टर गाठायचा. लहान मुलांचे दुधाचे दात मात्र परत बसवायचे नसतात. तुला हे अशासाठी लिहिलं की घाटाच्या ओल्या पायऱ्यांवर तू घसरणार हे मी गृहीत धरलं आहे, आणि नर्मदाकाठच्या गावांत दूध तरी नक्की मिळेल.

आता तुझ्याकडे वळतो. ओंकारेश्वरहून निघून सव्वीसशे किलोमीटरच्या आसपास चालायचं, मैया कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही. आता कल्पना कर, दाढ ठणकतेय, तू दक्षिण तीरावर आहेस आणि दाताचा डॉक्टर समोर महेश्वरला दिव्यांच्या उजेडात दिसतोय. काय करशील? हाक मारशील? बडवानी तुझ्याच काठाला आहे, तिथपर्यंत ठीक. पुढे शूलपाणीची झाडी. तिथे डोंगर आहेत, भिल्लांचे पाडे आहेत, मायाळू माणसं आहेत. रूट कॅनाल नाही. आणि सदावर्तात मिळणार टिक्कड. ती जाड, कडक, गोवरीवर भाजलेली रोटी तुझी हलती कॅप पहिल्या आठवड्यात घेऊन जाईल.

तेव्हा कार्तिकी एकादशीच्या आत डॉक्टरांकडे जा. कॅप काढून आतली दाढ बघायला सांग, नुसती परत चिकटवून घेऊ नकोस. वाटेत निघालीच तर गिळू नकोस, धुऊन जप. मेडिकलमध्ये कवळी चिकटवायची पेस्ट मिळते, तिने दोन-चार दिवस बसते, झोपताना मात्र काढून ठेवायची. फेविक्विक लावायचा विचार तुझ्या मनात येणार हे मला पन्नास वर्षांच्या ओळखीवर माहीत आहे. लावायचं नाही.

आणि माझी जोडगोळी तुझ्यासाठी नाही. तू स्टेंटनंतरची रक्त पातळ करायची गोळी घेतोस. त्यावर आयबुप्रोफेन घेतलंस तर रक्तस्राव व्हायचा. तुला काय चालतं ते हृदयाच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घे आणि तो कागद आधार कार्डासोबत ठेव. दाढ काढायची वेळ आली म्हणून ती गोळी आपल्या मनाने बंद करू नकोस. दाताच्या डॉक्टरला सांग, काय करायचं ते तो बघेल.

माझी कॅप गेल्या मंगळवारी बसली. हिने पँगाँगचा फोटो मोबाइलवर लावला आहे, ग्रुपमधल्या काकूंनी पाठवलेला. रोज सकाळी मला दिसतो.

सोबतच्या पुडीत तुर्तुकचे जर्दाळू आहेत. बियांसकट. वाड्याचं दार तू नाशिकला नेऊन फ्लॅटला बसवलंस तेव्हा मी तुला वेड्यात काढलं होतं, ते शब्द मागे घेतो. बिजागरीला तेल घाल, आणि नख सांभाळ.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
फावड्या

(हे नाव तूच ठेवलेलं आहेस. पुढचे दोन अजून पक्के आहेत.)