चढणीच्या माशांना वाट द्या

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात म्हादईवर रोज काय ना काय असतंच आणि आमच्या घरी सकाळी चहाबरोबर पहिल्यांदा तीच बातमी वाचली जाते, कोर्टाची तारीख पडली की परत पुढे गेली, म्हादईला मिळणाऱ्या कळसा नाल्याचं पाणी आपल्याकडे वळवायचं कर्नाटकाचं काम कुठवर आलं, कुठला मंत्री काय बोलला. वाचावंच लागतं, नदी आमच्या दारातून जाते. मी सत्तरी तालुक्यातली, माहेर पण नदीकाठचं आणि सासर पण. पण इतकी वर्षं वाचून एक गोष्ट मनात राहून गेलीये ती आज लिहायला बसले. या सगळ्या बातम्यांत नदी म्हणजे पाणी आणि पाणी म्हणजे टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). २०१८ च्या ऑगस्टमध्ये म्हादईचं पाणी तीन राज्यांत वाटणाऱ्या लवादाचा निवाडा आला, कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३, गोव्याला २४ टीएमसी, हे आकडे आमच्या वाड्यावरच्या शाळेतल्या पोरांना पण पाठ झाले. पण त्या पाण्यात राहतं कोण, ते कधी वर जातं, कधी खाली येतं, याची बातमी मला तरी क्वचितच दिसली. म्हणून आज चढणीच्या माशांबद्दल, म्हणजे पहिल्या पावसात प्रवाहाच्या उलट वर जाणाऱ्या माशांबद्दल, आणि त्यांची वाट अडवणाऱ्या बंधाऱ्यांबद्दल लिहितेय.

ज्यांनी वरचा भाग बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. चोर्ला घाट चढून गेलं की कर्नाटकातली कणकुंबी लागते. तिथे माऊलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, म्हणजे शेवटी बंगालच्या उपसागरात. आणि त्याच गावच्या रानातून कळसा निघतो तो इकडे उतरून म्हादईत येतो. एकाच डोंगरावर पडलेला पाऊस, चार पावलं इकडे पडला तर अरबी समुद्राचा, चार पावलं तिकडे पडला तर त्या समुद्राचा. म्हादई स्वतः खानापूर तालुक्यात देगावजवळ, भीमगडच्या जंगलात जन्मते, सत्तरीत उतरते, वाटेत कोत्राची मिळते, रगाडा मिळतो, खाली दूधसागरचं पाणी घेऊन खांडेपार येते, मग वाळवंटी, आणि पणजीला पोचेपर्यंत तिची मांडवी झालेली असते. सगळं खोरं २०३२ चौरस किलोमीटर, त्यातलं १५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात, ७७ महाराष्ट्रात.

आता कोणी म्हणेल एवढं मोठं खोरं आपल्याकडेच आहे तर वरच्या ३७५ ची एवढी काळजी कशाला. एप्रिलमध्ये येऊन बघा म्हणजे कळेल. आपल्याकडे जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर पडतो आणि पडला तसा वाहून जातो. उन्हाळ्यात नदीत जे पाणी असतं ते वरच्या रानातल्या झऱ्यांचं, जंगलाच्या मातीने धरून ठेवलेलं आणि हळूहळू सोडलेलं. आणि खालून काय येतं, तर भरतीचं पाणी. मांडवीत भरती समुद्रापासून जवळजवळ ५० किलोमीटर आत, पार गांजे गावापर्यंत जाणवते, वरून गोडं पाणी कमी आलं की खारं पाणी आणखी वर सरकतं. म्हणजे मे महिन्यात डोंगरातून वाहत येणारी जी गोड्या पाण्याची म्हादई म्हणायची ती गांजेच्या वरचीच, आणि ती पण एक सलग नदी नसते, कोंडांची माळ असते. वर्षभराचा टीएमसी सांगितला की जुलैचा लोंढा आणि मेमधलं घोटाभर पाणी एकाच पातेल्यात ओतल्यासारखं होतं. मासा मरतो तो मेमधल्या पाण्याच्या हिशोबाने, वर्षाच्या सरासरीने नाही.

कोंड म्हणजे काय ते शहरातल्या लोकांना कदाचित माहीत नसेल. नदीच्या वळणावर किंवा खडकाखाली खोल डोह असतो, उन्हाळ्यात बाकी सगळी नदी दगडगोटे उघडे टाकून पडते तेव्हा तिथे पुरुषभर पाणी असतं आणि सगळ्या नदीतलं जितराब तिथे येऊन राहतं. महसीर तिथेच. हा मासा काठावरच्या झाडांची पडलेली फळंसुद्धा खातो, उंबर पिकला की पाण्यात फळ पडल्याचा टप्प आवाज आणि मागोमाग खळकन पाणी हलतं, माझे वडील मला हे दाखवायला न्यायचे आणि अजिबात बोलू द्यायचे नाहीत. त्यामुळे काठावरचं झाड तोडलं की नुसती सावली जात नाही, माशाच्या तोंडचा घास पण जातो. मग मरळ, शेंगटी, वाम, दगडाला चिकटून राहणारे बोटभर मासे, आणि कुर्ल्यो, म्हणजे खेकडे. डोंगरातल्या गोड्या पाण्याच्या कुर्लीची पिल्लं समुद्रातल्यासारखी पाण्यावर तरंगत वाढत नाहीत, अंड्यातून सरळ छोटी कुर्ली बाहेर येते आणि आई त्यांना पोटाखाली घेऊन फिरते. म्हणून एका व्हाळातल्या, म्हणजे ओढ्यातल्या, सगळ्या कुर्ल्यो पकडून नेल्या ना, तर दुसऱ्या व्हाळातून तिथे परत कुर्ल्यो यायला फार वर्षं लागतात.

ऊद पण आहेत, पाणमांजरं. दिसतात कमी. पण सकाळी लवकर गेलं तर कोंडाकडच्या खडकावर त्यांची घाण पडलेली असते, त्यात खवले आणि कुर्लीच्या कवचाचे तुकडे, आणि वास इतका उग्र की एकदा घेतला की विसरायचा नाही. गेल्या दोन उन्हाळ्यांत आमच्या कोंडावर मला ती खूण दिसली नाही. आधी दर वर्षी दिसायची.

आणि हे फक्त आम्हा गावकऱ्यांचं कौतुक नाही. २००७ मध्ये शास्त्रज्ञांनी या खोऱ्यातून देवगांडुळाची एक नवी जात नोंदवली, देवगांडूळ म्हणजे दिसायला गांडूळ पण असतो बेडकाच्या गोतातला, बिनपायांचा, ओल्या मातीत राहणारा, आणि त्याच्या शास्त्रीय नावात चक्क म्हादई आहे. त्याच वर्षी सत्तरीतल्या दुसऱ्या एका देवगांडुळाला गोव्याचं नाव मिळालं. २०१८ मध्ये बेडकाची एक नवी जात नोंदवली तिचं नाव ठेवलं गोंयची, म्हणजे गोव्याची. सत्तरीत ब्रह्मकरमळीजवळ निरंकाराची राय, म्हणजे देवराई आहे, तिथे रानजायफळाची झाडं पाण्यात उभी राहतात आणि मुळं गुडघे वर काढून श्वास घेतात. ज्या नदीच्या नावाने जगातल्या प्राण्यांची नावं ठेवली जातायत ती नदी आपण टीएमसीत मोजून मोकळे होतो याचं मला फार वाईट वाटतं.

आता मुद्द्याचं. चढणीचे मासे.

पहिला मोठा पाऊस पडला की व्हाळ लाल होऊन खाली येतात, पाणी थंड होतं, मातीचा वास पाण्यात उतरतो, आणि उन्हाळाभर कोंडात दाटीवाटीने जगलेले मासे एकदम उलटे निघतात, प्रवाहाच्या विरुद्ध, वर. व्हाळातून पाटात, पाटातून शेतात, मेर, म्हणजे शेताचा बांध, ओलांडून सुद्धा उड्या मारत जातात. पोटं गाबोळीने भरलेली असतात. वर उथळ पाणी, गवत, नवीन किडे, आणि मोठे मासे पोचत नाहीत, म्हणून अंडी तिथे घालायची. मग पाऊस ओसरला की पिल्लं पाण्याबरोबर खाली उतरून नदीत येतात. वाम, ज्याला काहीजण अहीर पण म्हणतात, तिचं तर अजून वेगळं, ती अंडी घालायला समुद्रात जाते आणि तिची काडीएवढी पिल्लं परत नदी चढून येतात, ओल्या खडकावरून सरपटत सुद्धा. म्हणजे आमच्या घरामागच्या व्हाळातली वाम समुद्र बघून आलेली असते.

हे सगळं तीन-चार रात्रींचं काम. आणि त्याच तीन-चार रात्री वाट बंद असेल तर?

२०२५ ला पाऊस लवकर आला ते आठवत असेल, केरळात मॉन्सून २४ मेलाच पोचला आणि आपल्याकडे पण मागोमाग सुरू झाला, एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. आमच्या घरामागे व्हाळावर बंधारा आहे, पावसाळा संपला की त्याला फळ्या लावतात आणि पाणी अडवतात, कुळागरांना (माडापोफळीच्या बागांना) आणि विहिरींना त्याचा फार आधार आहे, मी बंधाऱ्याच्या विरोधात अजिबात नाही, आमच्या माडांना पण तेच पाणी. पण पाऊस सुरू झाला तरी फळ्या तशाच. मी फोन केले, एकदा सांगितलं मजूर मिळत नाहीत, एकदा सांगितलं सोमवारी बघू. सोमवारपर्यंत मासे थांबणार होते का? रात्री टॉर्च घेऊन गेले तर बंधाऱ्याखाली पाणी नुसतं उकळल्यासारखं दिसत होतं, मासे फळ्यांवर उड्या मारत होते आणि परत खाली पडत होते. आणि काठावर आमचीच माणसं, मच्छरदाणी घेऊन, टोपल्या घेऊन, घमेली घेऊन. पोती भरून नेले. आमच्या घरी पण वाटा आला, सासूबाईंनी माशाचं पोट दाबून बघितलं, गाबोळी बाहेर आली, त्या म्हणाल्या हे परत दे, असलं नुस्तं (मासे) आम्ही पूर्वी वाटीभर खायचो, घमेलंभर नाही. फळ्या निघाल्या पाचव्या दिवशी. तोवर चढण संपली होती. त्या वर्षी नवरात्रानंतर शेताच्या पाटात पिल्लांचे थवे दिसतात ते जवळजवळ दिसलेच नाहीत.

मी नंतर खूप विचार केला की पूर्वी हे का होत नव्हतं, बंधारे तर आजोबांच्या वेळीपण होते. तर पूर्वी बांध मातीचा होता, दगड, माती आणि झाडाचा पाला घालून सगळा गाव मिळून घालायचा, आणि पहिल्या लोंढ्यात तो आपोआप वाहून जायचा. म्हणजे माशांना दार उघडायचं काम पाऊसच करत होता. काँक्रिटचा बंधारा पावसाने उघडत नाही, तो माणसाने उघडायचा असतो, आणि आता पाऊस कॅलेंडर बघून येत नाही. एवढी साधी गोष्ट आहे.

म्हणून माझी मागणी पण साधी आहे. म्हादई आणि तिला मिळणाऱ्या सगळ्या व्हाळांवरच्या बंधाऱ्यांच्या फळ्या १५ मेपर्यंत काढा, आणि ज्यांना पाणी अगदीच हवं असेल तिथे निदान मधल्या गाळ्याची वरची एक फळी खाली करून वाट ठेवा. काम पंचायतीकडे द्या, गावातल्या पोरांना मजुरी द्या, दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. नवीन बंधारा बांधताना एका कडेला दगडांचा उतार ठेवा म्हणजे मासा चढून जाईल. गावकऱ्यांना पण मी हेच सांगते, चढणीचे खाऊ नका असं म्हणत नाही, आपल्या जिभेला ती सवय आहे, पण पहिल्या तीन रात्री हात लावू नका, एकदा अंडी घालून मासा उतरू दे, मग खा ना.

समुद्रात १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना बंदी असते, ६१ दिवस, कारण माशांचा विणीचा काळ, आणि ते आपण सगळ्यांनी मान्य केलंय, सुकं नुस्तं खाऊन पावसाळा काढतो. मग त्याच दिवसांत व्हाळातला मासा पोटुशी असताना पोत्याने का उचलायचा? बेडकांचं पण तसंच होतं, जंपिंग चिकन म्हणून हॉटेलात खपायचे, मग वन्यजीव कायदा १९७२ चा धाक दाखवला, शाळांतून मुलांना सांगितलं, आणि आमच्या भागात तरी फरक पडला, आता पोरंच मोठ्यांना अडवतात. माशांचं कोणी सांगितलंच नाही म्हणून कोणाला चूक वाटत नाही.

ब्लीचिंग पावडरबद्दल तर बोलायलाच नको इतकं ते घाण आहे. उन्हाळ्यात कोंडात टाकतात, चार किलो मासे घेऊन जातात आणि मागे कोंडातलं सगळंच मेलेलं, कुर्ल्यो, किडे, बेडकांची पिल्लं, आणि तेच पाणी खाली कोणीतरी पितं. खांडेपारच्या पाण्यावर ओपाची पिण्याच्या पाण्याची योजना चालते, तिथून किती घरांत नळाला पाणी जातं ते सगळ्यांना माहीत आहे. असं करताना दिसलं तर नुसता व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नका, त्या वेळीच पोलिसात कळवा.

वरचं पाणी वळवू नये यासाठी सरकार लढतंय ते बरोबरच आहे आणि मी त्यात शंभर टक्के आहे. पण कोर्टात आपण सांगतो की ही नदी जिवंत राहायला हवी, म्हादई अभयारण्य आहे, १९९९ पासून आहे, २०८ चौरस किलोमीटरचं, तर मग खाली आपल्याच हातातल्या फळ्या तरी आपण वेळेवर काढायला नकोत का. माझी तुम्हाला पण विनंती आहे, येत्या मे महिन्यात तुमचा एखादा वार्ताहर सत्तरीत पाठवा, रात्री या, टॉर्च घेऊन, मी व्हाळावर घेऊन जाईन.

आमच्या जवळपास असे तीन बंधारे आहेत. १५ मेला मी तिन्हीवर जाऊन फोटो काढणार आहे, फळ्या असतील तरी आणि नसतील तरी, आणि तारखेसकट तुम्हाला पाठवणार आहे. जागा असेल तर छापा.

एक वाचक,
सत्तरी, गोवा