युरोप सहलीतल्या शेवटच्या दिवसाच्या व्हेनिस दर्शनाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, परदेश सहल विभाग

विषय: छापील कार्यक्रमातली ठिकाणं न दाखवणे, जादा पैसे घेणे आणि ते परत करायला नकार

आमची तक्रार 'क्लोज' केल्याचं आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेने फोनवर सांगितलं. आमच्या बाजूने ती बंद झालेली नाही, म्हणून आता लेखी कळवते आहे.

मे महिन्यातला रविवार, सहलीचा शेवटचा दिवस. कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं होतं: ग्रँड कॅनॉल क्रूझ, सेंट मार्क बॅसिलिका (आतून), मुरानोचा काच कारखाना, गोंडोला राइड. यातली फक्त गोंडोला मिळाली, तीही दीडपट-पावणेदोनपट दराने.

आधी ग्रँड कॅनॉल. बस त्रोन्केत्तोला, म्हणजे शहराच्या कडेच्या बसतळावर, थांबली आणि तिथून तुमची बोट जुदेक्का कालव्याने थेट सेंट मार्क चौकाजवळच्या सान झक्कारियाच्या धक्क्याला गेली. ग्रँड कॅनॉल हा वेगळा कालवा आहे. तो शहराच्या मधून उलट्या 'एस'सारखा वळत जवळजवळ ४ किलोमीटर जातो आणि त्याच्यावर चार पूल आहेत: कोस्तित्युत्सिओने, स्काल्झी, रिआल्तो आणि आकादेमिया. आमची बोट यातल्या एकाही पुलाखालून गेली नाही. आमच्या फोटोंत उजव्या हाताला स्टकी गिरणीची विटांची इमारत आणि रेदेन्तोरे चर्च दिसतं. ही दोन्ही जुदेक्का बेटावर आहेत. ग्रँड कॅनॉलवरच्या जुन्या वाड्यांचे दर्शनी भाग आणि मुख्य दरवाजे पाण्याकडे तोंड करून आहेत. गल्लीतून फिरताना त्यांच्या मागच्या भिंतीच दिसतात. त्यामुळे 'नंतर पायी फिरलात ना' हे उत्तर इथे चालत नाही. हा कालवा बोटीतूनच पाहावा लागतो.

आणि तो दाखवणं अवघड मुळीच नव्हतं. त्रोन्केत्तोहून पीपल मूव्हर या छोट्या स्वयंचलित गाडीने काही मिनिटांत पियात्साले रोमा हा चौक, तिथून वापोरेत्तोची, म्हणजे सार्वजनिक बोटीची, १ नंबरची लाइन. ती प्रत्येक धक्क्यावर थांबत पाऊण तासात सान मार्कोला (सेंट मार्क चौकाजवळ) पोचते. ७५ मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरो. आई-बाबांना गुडघ्यांचा त्रास आहे, पण या मार्गावर त्यांना पुलांच्या पायऱ्यांची चढउतारही फारशी करावी लागली नसती. वर्षानुवर्षं व्हेनिसला गट नेणाऱ्या तुमच्या कंपनीला हे माहीत नाही, असं मी मानायला तयार नाही.

आता बॅसिलिका. रविवारी सकाळी तिथे प्रार्थना असतात, पर्यटकांना प्रवेश दुपारी २ नंतर मिळतो. तुमच्या वेळापत्रकात बॅसिलिका सकाळी साडेदहाला आणि परतीची बोट दुपारी २ ला होती. म्हणजे वेळापत्रक बनवलं तेव्हाच आत जाणं अशक्य होतं. शेजारचा डोजेचा (व्हेनिसच्या जुन्या शासकाचा) राजवाडा रविवारीही सकाळी उघडतो. सकाळी तो दाखवून दोननंतर बॅसिलिका ठेवली असती आणि परतीची बोट दोन तास उशिरा सोडली असती, तर दोन्ही झालं असतं. हेच मी आज फोनवर समजावून सांगत होते. तुमच्या प्रतिनिधीचं उत्तर: "मॅडम, चर्च आहे ते. रविवारी चर्च बंद कसं असेल? उलट रविवारीच उघडं असतं." मी सांगितलं, प्रार्थनेला येणाऱ्यांसाठी उघडं असतं, पर्यटकांसाठी नाही. त्यावर, "मग तुम्ही प्रार्थनेला म्हणून जायचं ना आत." माझा विश्वास बसेना. मी विचारलं, तुमचे प्रवासी खोटं बोलून प्रार्थनास्थळात शिरावेत अशी कंपनीची सूचना आहे का? "थांबा, सीनियरना विचारते." बराच वेळ संगीत. मग: "सीनियर म्हणतायत, बाहेरून फोटो काढलेत ना? मग तो पॉइंट कव्हर झाला. आणि बाकी कुणाची तक्रार नाही." पत्रिकेत कंसात 'आतून' छापलंय, हे मी वाचून दाखवलं. त्यावर "ओके मॅडम, नोट केलंय" आणि फोन बंद. 'नोट केलंय' हे मी याआधीही ऐकलं आहे. आज मात्र ज्यांनी पैसे भरले त्यांनाच दोष दिला गेला, आणि याचा मला मनापासून राग आला आहे.

व्हेनिसमध्ये २०२४ पासून मार्गदर्शकामागे जास्तीत जास्त २५ जणांचाच गट चालतो. आम्ही बेचाळीस होतो आणि स्थानिक मार्गदर्शक एकच. अर्धा गट त्याच्यामागे गेला, उरलेल्यांना सेंट मार्क चौकात थांबायला सांगितलं. त्यात माझे आई-बाबा होते. त्या चौकात पायऱ्यांवर बसायलाही दंड आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पैशांचं आता. शहराच्या प्रवेश शुल्कापोटी तुम्ही माणशी १० युरो घेतले, सहा जणांचे ६०. आमचं हॉटेल मेस्त्रेत होतं. मेस्त्रे व्हेनिस नगरपालिकेच्याच हद्दीत येतं, तिथे मुक्कामी असलेल्यांना हे शुल्क माफ आहे. फक्त सवलतीचा क्यूआर कोड आधी काढावा लागतो, आणि ते काम तुमचं होतं. शिवाय आमची मुलं ११ आणि १३ वर्षांची आहेत. चौदाच्या आतल्यांना तसंही माफच असतं. मग हे ६० युरो गेले कुठे?

गोंडोलाचा नगरपालिकेने ठरवलेला दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो आहे, तोही अख्ख्या नावेचा. एका नावेत जास्तीत जास्त पाच जण. तुम्ही माणशी ३० घेतलेत आणि नावेत पाच बसवलेत, म्हणजे एका नावेचे १५०. आमच्या सहा जणांकडून ७२ युरो जास्त घेतले.

मुरानोला तर आम्ही पोचलोच नाही. ते वेगळं बेट आहे. आगीच्या भीतीने १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या तिकडे हलवल्या. सान मार्कोच्या मागच्या गल्लीतल्या दुकानात एक फुंकणी दाखवून सव्वा तास माल विकणं म्हणजे मुरानो नव्हे.

माझ्या मागण्या: प्रवेश शुल्काचे ६०, गोंडोलाचे ७२ आणि न झालेल्या ग्रँड कॅनॉल क्रूझचे, किमान साध्या वापोरेत्तोच्या दराने, ५७, असे १८९ युरो परत करा. बॅसिलिका आणि मुरानोसाठी पॅकेजमध्ये जी रक्कम धरली होती तिचा हिशेब लेखी द्या. जुदेक्का कालव्यातल्या फेरीला 'ग्रँड कॅनॉल क्रूझ' म्हणून विकणं बंद करा आणि रविवारच्या कार्यक्रमातून सकाळची बॅसिलिका काढा, म्हणजे पुढच्या गटाचं असं होणार नाही.

आई-बाबांनी या सहलीसाठी मुदत ठेव मोडली, ती तुमच्या नावावर विश्वास ठेवून. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत तुमचीच शिफारस होते. यापुढे माझ्याकडून होणार नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाईन. या कायद्यानुसार तक्रार आमच्या राहत्या जिल्ह्यातच करता येते, त्यामुळे तुमच्या मुख्य कार्यालयाच्या शहरात खेटे घालावे लागणार नाहीत. कार्यक्रमपत्रिका, पावत्या, वेळ-ठिकाण नोंदलेले बोटीतले फोटो आणि मेस्त्रेतल्या मुक्कामाचा पुरावा म्हणून हॉटेलने घेतलेल्या पर्यटक कराची पावती सोबत जोडली आहे.

बुकिंग ज्यांच्या नावावर होतं, ती ग्राहक