घारापुरीच्या मोजणीसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी 2018 मध्ये समुद्राखालच्या केबलमधून आपल्या घारापुरी (एलिफंटा) बेटावर वीज आली, तेव्हा शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर तिन्ही गावांत सणच झाला. त्याआधी कंदिलावर अभ्यास करणाऱ्या पोरांना वह्या-पुस्तकं आपल्या मंडळानेच पोचवली. लेण्यांच्या पायऱ्यांवर काकडी-कैरी विकणाऱ्या मावश्यांनी दिवसाच्या गल्ल्यातून पन्नास-पन्नास रुपये दिले. होडीवाल्या दादांनी सामानाचं भाडं कधी घेतलं नाही. आपले बँकवाले काका आजही पैशापैशाचा हिशेब ठेवतात. या माणसांचे उपकार फिटायचे नाहीत.

आता प्रश्न घराखालच्या जागेचा आहे. लेणी 1987 पासून जागतिक वारसा. संरक्षित स्मारकापासून 100 मीटर बांधकामाला बंदी, पुढचे 200 मीटर परवानगी लागते. कडेला खारफुटी, वर पर्यटनवाल्यांचा डोळा. किनारा नियमनाच्या 18 जानेवारी 2019 च्या अधिसूचनेत किनाऱ्यालगतच्या बेटांना भरतीरेषेपासून 20 मीटरचा पट्टा आहे. त्यात स्थानिकांची जुनी घरं दुरुस्त करता येतात, नवीन बांधता येत नाहीत. मासळी वाळवायला, जाळी विणायला मुभा आहे. बेटांसाठी वेगळा एकत्रित आराखडा करायची तरतूदही आहे. त्या आराखड्यात आपली घरं, आपली वाळवणं दिसली पाहिजेत, आणि त्याला पुरावा लागतो. मोराबंदरच्या एका आजींनी घरपट्टीची पावती दुधाच्या पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात जपली आहे. खाऱ्या हवेने शाई उडाली, साल वाचता येत नाही. ती घेऊन एका कार्यालयात गेलो, तर साहेबांनी हातातही घेतली नाही.

मागच्या सभेचा निरोप दीडशे घरांना दिला होता. आले अकरा जण. बेलापूर, नेरूळ, उलव्यात घरं झाली म्हणून गाव परकं झालं का? महाशिवरात्रीला मात्र बोटीत पाय ठेवायला जागा नसते. बोलतो आहे, राग मानू नका, पण मनाला लागलं.

पुराव्यासाठी घरं-वाळवणांची खासगी मोजणी, नकाशा, वकिलांची फी मिळून 85,000 रुपये लागतील, 31,000 जमलेत. घरटी किमान 500. रोख किंवा मंडळाच्या खात्यावर द्या, पावती काकांकडूनच घ्या. जुन्या घरपट्ट्या, सातबारा, होडीचे कागद, घराचे जुने फोटो यांच्या झेरॉक्स येत्या रविवारी सकाळी 10 ते 1 बेलापूरला नेहमीच्या जागी आणाव्यात (मूळ कागद देऊ नयेत). मोजणीला टेप धरायला चार तरुण हवेत, दिवस भरतीची वेळ पाहून कळवतो.

आपला,
चिटणीस