हँडल माझ्याकडेच राहील

भोसरी, पुणे

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेले असते तर बाबांनी "बरं, बघू" म्हणून फोन आईच्या हातात दिला असता, म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्यानं वाच. बाबांचा चष्मा कुठे असेल ते देवालाच ठाऊक.

विहिरीवरचं डिझेल इंजिन सर्व्हिसिंगला नेते म्हणाले होते, ते अर्धंच खरं होतं. मला ते मापायचं होतं. आमच्या कारखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांवर, डायल गेज (काट्याचं मापयंत्र) लावून मी पगार घेते आणि घरच्या इंजिनला एकदा हात लावला नाही, याची लाज वाटत होती. दोन रविवार गेले. शेजारच्या वर्कशॉपवाल्यानं जागा दिली, चहाही पाजला.

बाबा, आधी निकाल सांगते, मग कसं मापलं ते. तुम्ही दात चुकवला नव्हता.

1994 साली बेअरिंग बदलताना टायमिंगची, म्हणजे कॅमशाफ्ट फिरवणारी, दातेरी चाकं तुम्ही रात्री खोपीत बसवलीत. तेव्हापासून इंजिन जरा दमलं, एअर क्लीनरमधून पुक-पुक करायला लागलं, की तात्यांचं ठरलेलं वाक्य येतं, "तू दात चुकवलास." तुम्ही कधी उलट बोलला नाहीत. पण बॅटरी मी धरली होती. आठ वर्षांची होते, डोळे मिटत होते, उजेड हलत होता आणि तुम्ही "जरा वर धर गं बाळा" म्हणत होतात. दात जुळवायची पंचची खूण नीट दिसली नसेल तर ती माझ्यामुळे, असं मी इतकी वर्षं मनात धरून आहे. हे कधी सांगितलं नव्हतं.

आता माप. फ्लायव्हीलचा घेर शिंप्याच्या टेपनं घेतला, 1260 मिमी भरला. म्हणजे साडेतीन मिमीला एक अंश. कागदाची पट्टी आखून चाकाला चिकटवली. डिझेल फवारणारं नोझल काढून त्या भोकातून पिस्टनवर सळई टेकवली आणि तिच्या डोक्यावर डायल लावला. पिस्टन अगदी वर असतो तेव्हा चाक दोन-तीन अंश फिरलं तरी काटा जेमतेमच हलतो, त्यामुळे नुसत्या अंदाजानं वरचा बिंदू कधीच सापडत नाही. मग पिस्टन 5 मिमी खाली असताना अलीकडे एक खूण, पलीकडे तेवढाच खाली असताना दुसरी खूण, आणि दोन्हींचा मध्य. तिथं शून्य लिहिलं. मग टॅपेटचा (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह उचलणाऱ्या तुकड्याचा) गाळा पुस्तकाप्रमाणे लावून डायल व्हॉल्व्हच्या स्प्रिंगच्या टोपीवर ठेवला आणि चाक हातानं, इंच-इंच, एकाच दिशेनं फिरवलं. मागं-पुढं केलं की चाकांच्या दातांमधली ढिलाई मापात घुसते.

किर्लोस्करांच्या आकड्यांप्रमाणे एक्झॉस्ट, म्हणजे धूर सोडणारा व्हॉल्व्ह, पिस्टन तळाला पोचायच्या 35.5 अंश आधी उघडायला हवा आणि वर पोचल्यावर 4.5 अंशांनी मिटायला हवा. आपला 26 अंश आधी उघडतो आणि वर पोचायच्या 4 अंश आधीच मिटतो. म्हणजे उशिरा उघडतो, लवकर मिटतो. दात चुकला असता तर उघडणं आणि मिटणं दोन्ही एकाच बाजूला सरकलं असतं, तेही दहा अंशांहून जास्त. इथं दोन्हीकडून आत आलंय आणि मध्य जवळजवळ जागच्या जागी आहे, अर्ध्या अंशाचा काय तो फरक. तो माझ्या डोळ्यांचा समजा. शिवाय इनलेटचा, म्हणजे हवा घेणाऱ्या व्हॉल्व्हचा, लोब (उंचवटा) त्याच शाफ्टवर आहे. तो व्हॉल्व्ह वर पोचायच्या 3 अंश आधी उघडतो आणि तळानंतर 34 अंशांवर मिटतो. हवेत साडेचार आणि साडेपस्तीस. इतकी वर्षं राबून एवढंच. दात चुकून एक लोब बिघडतो आणि दुसरा शाबूत राहतो, असं होत नाही.

तरीही खात्री वाटेना, म्हणून शाफ्ट बाहेर काढला आणि नव्याशेजारी ठेवून मायक्रोमीटर लावला. एक्झॉस्टच्या लोबचं टोक 0.87 मिमी बसलंय. बोट फिरवलं तर कडेला धार लागते. त्याच्या टॅपेटचं तोंड गुळगुळीत असायला हवं, तिथं खळगा पडलाय, आई सहाणेवर चंदन उगाळते तिथं पडतो तसा. सिलिंडरमधल्या दाबाविरुद्ध व्हॉल्व्ह एक्झॉस्टच्याच लोबला उघडावा लागतो, म्हणून तो आधी झिजतो. धूर पुरता बाहेर जात नव्हता, तो इनलेट उघडला की एअर क्लीनरमधून मागं यायचा. ती पुक-पुक ह्याची.

तोच नवा शाफ्ट बसवला. दोन्ही टॅपेटही नवे, कारण जुना टॅपेट नव्या लोबला खाऊन टाकतो. खर्चाचं विचारू नका.

आता जे तुम्हाला आवडणार नाही ते. दिवाळीला इंजिन घेऊन येते, पण हँडल इथं माझ्या कपाटात राहील. नवा कॅम घातला म्हणून हँडल उलटं मारायचं थांबत नाही. डिझेल पडतं तेच पिस्टन वर पोचायच्या वीस-पंचवीस अंश आधी. वेग कमी पडला की चाक मागं येतं. चाळिशीत तुमचा वेग कमी पडला नाही. फेब्रुवारीत पडला, आणि मनगट दीड महिना प्लास्टरमध्ये होतं. त्यात तुमची चूक नव्हती, वय कुणाचं थांबतं? पण मला त्या दिवशी आईचा आवाज फोनवर जसा आला तसा पुन्हा ऐकायचा नाही.

सरकारी योजनेतल्या सौर पंपाचा अर्जही मी भरून टाकलाय, दहा टक्के हिस्साही भरला. आपण साडेतीन एकरवाले म्हणून पाच एचपीचा बसतो, इंजिनाएवढाच. विहिरीपर्यंत वीज आली नाही याचा एवढा एक फायदा झाला. पाच वर्षं दुरुस्ती पंप बसवणाऱ्यांकडे. ढग असले तर पाणी कमी येईल, कबूल. पण तासाला लिटरभर डिझेल जाणार नाही आणि कॅन डोक्यावर घेऊन कुणाला यावं लागणार नाही. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, म्हणून विचारलं नाही. राग आला तर माझ्यावर काढा, आईवर नको.

आई, तुझं एक नुकसान आहे. इंजिनचं गरम पाणी कपड्यांना मिळणार नाही. मागच्या दारी बंब बसवून देते, लाकडं फोडायला गडी ठरवला आहे. तू फोडायची नाहीस. बाबांची बीपीची गोळी सकाळी, जेवणावर ढकलायची नाही. मनगटाला रात्री शेक. विहिरीवर खुर्ची ठेवा, दगडावर बसू नका.

मी आले की इंजिन एकदा चालू करूच. हँडल मी मारीन, बाबांनी वरचा खटका पाडायचा, नेहमीसारखा "आता!" म्हणून.

आणि बाबा, तात्यांच्या इंजिनचं हँडल आपल्याला बसतं, हे मला माहीत आहे. ते मागून आणायचं नाही. तात्यांना हे पत्र वाचून दाखवा मात्र, आकड्यांसकट.

तुमची,
बॅटरीवाली