गोळ्यांची मूळ नावं सोबत न्या

संपादक महोदय,

गेल्या दिवाळीनंतर आम्ही उभयता जर्मनीत मुलाकडे होतो. एका रात्री दोन वाजता ह्यांच्या छातीत कळ आली. मुलगा कामासाठी बाहेरगावी. मला आपली १०८ तेवढी पाठ; तिथे ११२ लावतात हे शेजारणीने सांगितलं. (हा नंबर साऱ्या युरोपीय संघात चालतो, आता भारतातही.) ॲम्ब्युलन्स लगेच आली, पण ह्यांच्या गोळ्यांची आपल्याकडची कंपनीची नावं तिथल्या डॉक्टरांना कळेनात. रक्त पातळ करणारी गोळी कुठली, हे त्यांना आधी हवं होतं. मी थरथरत्या हातांनी पाकिटावरच्या बारीक अक्षरांत मूळ औषधाचं नाव शोधत बसले.

हे सुखरूप आहेत. पण खानापूर, निपाणी, बेळगावातून कितीतरी आईबाप लेकीच्या बाळंतपणाला परदेशी जातात, मेतकूट-डिंकाचे लाडू आठवणीने भरतात. त्यांना कळकळीची विनंती, की औषधांची मूळ नावं, मात्रा आणि ॲलर्जी डॉक्टरांकडून इंग्रजीत टाइप करून घ्या, जुना ईसीजीही ठेवा. प्रवास विम्यात आधीपासूनचा बीपी-मधुमेह धरलाय का, हे सही करण्याआधी विचारा. आम्हाला एजंटाने ते सांगितलंच नव्हतं.

– एक निवृत्त शिक्षिका, खानापूर (जि. बेळगाव)