प्लास्टर चढण्याआधी फायबरसाठी एक पाइप टाका

संपादक महोदय,

घराचं बांधकाम किंवा दुरुस्ती निघाली की भिंतीवर खडूनं आखणी होते. दिव्यांची बटणं कुठे, पंख्याचा रेग्युलेटर कुठे, गीझरचा पॉइंट किती उंचीवर, सगळं ठरतं. त्याप्रमाणे खाचा मारल्या जातात, पाइप बसतात, वरून प्लास्टर होतं. फायबरची रेघ मात्र या आखणीत बहुतेक वेळा नसतेच. रंग वाळतो, माणसं राहायला येतात, मग इंटरनेटसाठी फोन जातो आणि माझ्यासारखी कुणीतरी केबलचं वेटोळं खांद्याला अडकवून दारात येते. मी घरोघरी फायबर ओढण्याचं आणि जोडण्याचं काम करते. तोवर करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. खिडकीच्या चौकटीला भोक पाडायचं, स्कर्टिंगच्या कडेनं क्लिपा ठोकत जायचं आणि केबल जिथे संपेल तिथे डबा लावायचा. तो डबा घराच्या एका टोकाला राहतो. काँक्रीटच्या भिंती ओलांडून वायफाय, त्यातही ५ गिगाहर्ट्झचं, दुसऱ्या टोकाच्या खोलीत पोचेपर्यंत क्षीण होतं. त्याच खोलीत कुणाची तरी परीक्षा किंवा ऑफिसची मीटिंग चालू असते.

हे टाळणं सोपं आहे. केबल घरात जिथून शिरते तिथपासून घराच्या मधल्या भिंतीपर्यंत एक स्वतंत्र, रिकामा पाइप प्लास्टरच्या आधी टाकून ठेवावा, एवढीच माझी वाचकांना, वास्तुरचनाकारांना आणि ठेकेदारांना कळकळीची विनंती आहे. पण तो कसा टाकायचा हेही सांगायला हवं, कारण चुकीचा टाकलेला पाइप मला वारंवार भेटतो आणि त्याचा उपयोग शून्य असतो.

आधी फायबरचा स्वभाव समजून घ्या. काचेचा धागा १२५ मायक्रॉन जाड, आणि त्यातला प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाची किलोमीटरमागे साधारण ०.३५ डेसिबल (प्रकाशाची घट मोजण्याचं माप) घट होते. म्हणजे घरातल्या वीस मीटरच्या ओढीत जी घट होईल ती माझ्या मीटरवर दिसतही नाही. भिंतीतला एक करकचून वळलेला कोपरा मात्र तीन डेसिबल सहज खातो, आणि तीन डेसिबल म्हणजे निम्मा प्रकाश. नेहमीच्या जीपॉन जोडणीत (घरोघरच्या फायबर इंटरनेटची सध्याची प्रचलित पद्धत) ओएनटीला, म्हणजे आपण ज्याला मोडेम म्हणतो त्या डब्याला, उणे २७ डीबीएमपर्यंतचा प्रकाश ओळखता येतो (डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी). बाहेरून लाइनच उणे २४ वर आली असेल, तर तो एक कोपरा तिला काठावर नेऊन ठेवतो. मग डब्यावर लाल दिवा लागतो आणि सगळे कंपनीला दोष देत बसतात.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी घरमालकांना कुणी सांगत नाही. तरंगलांबी जितकी जास्त, तितका वळणावर प्रकाश जास्त गळतो. आज जीपॉनचा घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा आहे. त्याहून वेगवान एक्सजीएस-पॉनमध्ये तो १५७७ चा असतो. आज कसंबसं चालणारं वळण उद्या नव्या जोडणीत नापास होऊ शकतं, आणि तोवर ते प्लास्टरखाली गाडलेलं असतं.

म्हणून पाइपात काटकोनी एल्बो नको, अजिबात नको. २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्यावा आणि आत स्प्रिंग घालून तो मोठ्या गोलाईत वाकवावा. दूरसंचार वायरिंगच्या टीआयए-५६९ या अमेरिकी मानकात अशा पाइपाच्या वळणाची त्रिज्या आतल्या व्यासाच्या निदान सहापट सांगितली आहे. दोन बॉक्सच्या मध्ये काटकोनाइतकी वळणं दोनच, आणि अंतर ३० मीटरच्या आत. तिसरं वळण लागतच असेल तर मध्ये एक ओढबॉक्स, म्हणजे केबल ओढण्यासाठी उघडता येणारा बॉक्स, ठेवा. त्याचं झाकण भिंतीवर दिसतं म्हणून लोक नाही म्हणतात. झाकण दिसू द्या. पुढे कधी केबल अडकली तर हात घालायला तेवढीच जागा असते.

केबलवर जी.६५७.ए२ असा फायबरचा प्रकार छापलेला असेल तर उत्तम. तो धागा साडेसात मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वळवला तरी प्रकाश फारसा गळत नाही, जुन्या जी.६५२.डी ला ३० मिलिमीटरच्या खाली नेऊ नये. पण हे आकडे आतल्या काचेचे आहेत. चपट्या ड्रॉप केबलमध्ये, म्हणजे बाहेरून घरात येणाऱ्या शेवटच्या केबलमध्ये, काचेच्या दोन्ही बाजूंना एफआरपीच्या (काचतंतू मिसळलेल्या प्लास्टिकच्या) कडक काड्या असतात. केबल आडवी पिळली की त्या कडकन मोडतात आणि मोडलेलं टोक काचेत घुसतं. चपट्या अंगानंच वळवा.

मध्यंतरी एका घरात पाइप व्यवस्थित होता, वळणंही मोठी, तरी लाइन मरतुकडी. तपासायचा लाल लेझर सोडला आणि भिंतीतल्या बॉक्सचं झाकण काढलं. पांढऱ्या आवरणातून लाल प्रकाश बाहेर येत होता, बरोबर पाइपाच्या तोंडाशी. पाइप करवतीनं कापून तसाच सोडलेला, कडा घासलेली नव्हती, आणि ओढताना केबल त्या धारेवर दाबली गेली होती. कानशीचे चार हात मारले असते तर त्या कुटुंबाचा बराच मनस्ताप वाचला असता. पाइप बसवणाऱ्याला कडा घासायला सांगणं हे मी सगळ्यात महत्त्वाचं मानते.

केबल ओढताना कनेक्टरला धरून कधीच ओढू नये. जोर आतल्या पिवळ्या अ‍ॅरामिडच्या मजबूत धाग्यांवर किंवा त्या काड्यांवर पडला पाहिजे. माझं मत विचाराल तर बिनकनेक्टरची केबल ओढावी आणि टोकाला बॉक्समध्ये पिगटेल (एका टोकाला कनेक्टर असलेला फायबरचा छोटा तुकडा) फ्यूजन स्प्लाइसनं, म्हणजे काच वितळवून, जोडावी. नीट जमलेल्या जोडात ०.१ डेसिबलही जात नाही. पाइपात नायलॉनची दोरी आधीपासून असावी. नसेल तर दोरीला स्पंजचा तुकडा बांधून दुसऱ्या टोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावा, दोरी येते. केबल अडत असेल तर टाल्कम पावडर चालते, तेल किंवा ग्रीस नको.

विजेच्या पाइपातूनच फायबर नेलं तर काय बिघडतं, असं बरेच जण विचारतात. काचेला विजेचा त्रास होत नाही हे खरं. पण काही ड्रॉप केबलमध्ये पोलादी तार असते, ती वीज वाहते. शिवाय पुढे विजेची एखादी वायर बदलताना इलेक्ट्रिशियन जोर लावून खेचणार आणि फायबर चिरडणार. पाइप वेगळाच हवा. आणि पाइपाविना थेट प्लास्टरमध्ये केबल पुरणं तर सोडूनच द्या, तुटली की भिंत फोडण्याखेरीज मार्ग नाही.

मधल्या भिंतीवर जिथे पाइप संपेल तिथे विजेचा सॉकेट हवा, आणि बॉक्समध्ये केबलचं एक सैल वेटोळं मावेल एवढी जागा. लोखंडी पेटीत राउटर बंद करू नका, वायफाय आतच अडकतं. प्लास्टरच्या आधी मोजपट्टी धरून भिंतीचा फोटो काढून ठेवा.

लहान मूल असलेल्या घरांसाठी एक कळकळीचं सांगणं. फायबर कापलं की काचेचे बारीक तुकडे उडतात, ते डोळ्यांना सहज दिसत नाहीत आणि कातडीत घुसतात. ते चिकटपट्टीवर उचलून झाकणाच्या डबीत टाकायला सांगा, केरसुणीनं झाडू नका. चालू फायबरच्या टोकात डोकावूही नका. त्यातला प्रकाश अदृश्य असतो.

ज्यांच्या भिंती आधीच बंद झाल्या आहेत त्यांनी टीव्हीचा किंवा जुन्या टेलिफोनचा पाइप शोधावा. त्यातली बंद पडलेली वायर बाहेर काढताना तिच्या शेपटीला नायलॉनची दोरी बांधा आणि दोरी आत येऊ द्या. नवी फायबर थेट त्या वायरीला बांधून ओढू नका, आत काय अडकलं आहे हे आधी दोरीलाच कळू द्या.

आपली नम्र,
घरगुती फायबर जोडणी करणारी एक तंत्रज्ञ